चौथा म्हणून दिलेला खडा

ऐका. सातासमुद्रापार न्यूनेन नावाचं एक गाव होतं, म्हणजे अजून आहेच. तिथं माझा मुलगा मनोहर, सून मृदुला आणि त्यांचा एकुलता एक सारंग राहायचे. वर्षातले काही महिने मीही. गाव एवढं सपाट की पोळपाट बरा, त्याला खाली पाय तरी असतात. अशा गावात वाढलेल्या पोरानं डोंगराचा नाद धरावा, याला काय म्हणायचं?

बरं, बर्फावरून घसरायचं तर त्याच्याही रीतसर जागा असतात म्हणे. पाळण्यात बसून वर जायचं, आखलेल्या वाटेनं खाली यायचं. ते आमच्या सारंगला नको. पायाला फळ्या बांधायच्या, मागं घसरू नये म्हणून फळ्यांखाली केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि अर्धा दिवस आपल्या पायांनी डोंगर चढायचा. वर पोचलं की पट्ट्या काढायच्या आणि जिथून शेळी उतरणार नाही तिथून खाली यायचं. मी विचारलं, "वर देऊळ आहे का?"

"नो, आजी."

"मग चढता कशाला?"

हसला आणि दार आपटून गेला. दार आपटल्याशिवाय या पोराला कधी जाताच आलं नाही. मोजे जिन्यात, टॉवेल पलंगावर, फोन केला तर उचलायचा नाही. माझ्या चहाला 'शुगर सूप' म्हणायचा. मराठी बोलायला लावलं की तीन शब्दांत गाडी इंग्रजीवर. माझा जीव होता त्याच्यावर, पण डोकं उठवायचा.

कोरोनाची ती तिसरी लाट. दिवाळीनंतर मी आले आणि जानेवारीत मलाच धरलं. ताप फार नव्हता, पण मृदुलानं मला उचलून माळ्यावरच्या सारंगच्या खोलीत ठेवलं. जेवणाचं ताट दाराबाहेर. टकटक करायची आणि मी दार उघडायच्या आत पळून जायची, जशी मी वाघीण. दिवसभर खिडकीबाहेर धुकं आणि साडेचारपासून अंधार. भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळ्या टकटक करायच्या, तेवढाच काय तो आवाज. बोलायला कुणी नाही म्हणून मी आपली मोठ्यानं बोलत बसायची. सून मीठ कमी घालते. चहात आलं नाही. मनोहर बापासारखा घुमा. माझ्या धाकट्या बहिणीनं माझी पैठणी नेली ती परत दिली नाही. असलं सगळं, भिंतीला सांगितल्यासारखं. खिडकीच्या फळीवर सारंगचा एक काळपट दगड होता, मुठीएवढा, मधून पांढरी रेघ गेलेला. बोलताना नजर आपोआप त्याच्याकडे जायची.

असल्या दिवसांत सारंगनं खालून हाक मारली. "आजी, बाय! ऑस्ट्रियाला चाललो."

"कोण कोण?"

"मी, मैत्री, यॉस्ट."

मैत्री नागपूरची, युट्रेख्टला संशोधन करते. तेव्हा ती 'फ्रेंड' होती. यॉस्ट इथलाच, रॉटरडॅमच्या बंदरात नोकरीला, ताडमाड उंच. डोंगराची खरी जाण त्याला एकट्याला.

"तिघं?" मी दार किलकिलं केलं. "तिघांनी निघू नये रे! तीन तिगाडा, काम बिगाडा."

"आजी, रिलॅक्स. आमच्याकडे बीपर आहेत. कुणी बर्फात गाडलं गेलं तर सिग्नल येतो."

"गाडलं गेल्यावर येतो ना? मृदुला, एक सुपारी दे गं वर! चौथी म्हणून खिशात टाकू दे."

"सुपारी नाहीये आई, बडीशेप आहे."

"बडीशेपेचा चौथा करू का मी?"

मैत्री जिन्याच्या तळाशी उभी होती. म्हणाली, "आजी, आमच्या घरी हे मानत नाहीत हो."

"तू नको मानू. त्याच्या खिशात राहील, तुझ्या नाही."

आमच्या भोरकडं सुपारी नसली तर खडा देतात. काम झालं की तो तिथंच टाकायचा, घरी आणायचा नाही. मी इकडंतिकडं बघितलं. या देशात मेला वाळूचा कण मिळेल, दगड मिळायचा नाही. हाताशी तेवढाच एक. मी तो उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "बाबा रे, तू यांचा चौथा. तिघांना नीट घेऊन जा आणि तिघांना नीट घेऊन ये." रिकाम्या ताटात ठेवून ताट बाहेर सरकवलं. सारंग दोन-दोन पायऱ्या चढत आला, दगड खिशात घातला, आणि जाताना दार आपटलंच.

खडा गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, खोलीत इतके दिवस एक वास होता. ओल्या लोकरीचा, ट्रंकेत कोंडल्यासारखा. तो गेला होता.

दोन दिवसांनी दुपारी सारंगचा फोन आला, चेहरा दिसतो तो. स्वतःहून केलेला! मी पेज बाजूला ठेवली. फोनमध्ये एवढं पांढरं की डोळे मिटले.

"आजी, सी! टॉपवर आहोत. दोन स्लोप्स केले, आता लास्ट."

त्यानं फोन फिरवला. पिवळ्या टोपीची मैत्री पट्ट्या गुंडाळत होती. यॉस्ट वाकून फळ्या बांधत होता. आणि त्यांच्यापलीकडं, कड्याच्या अगदी काठाशी, एक जण पाठमोरा उभा होता. पायाला फळ्या नाहीत, डोक्यावर टोपी नाही. वाऱ्यानं मैत्रीचे केस उडत होते. त्याचं काहीच हलत नव्हतं.

"सारंग, तो कोण रे?"

"कोण? यॉस्ट."

"यॉस्ट वाकलाय. मागचा..."

"आजी, आम्ही तिघंच आहोत. तुझा चष्मा पूस." हसला. "तुझा स्टोन पण आहे पॉकेटमध्ये, ओके? बाय."

तेवढ्यात तो काठावरचा माणूस वळायला लागला. फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. लागेना. मृदुलाला हाक मारली, तर ती खालून म्हणाली, "आई, ताप बघा बरं जरा." या घरात म्हातारीनं काही पाहिलं की ताप बघायचा. बाहेर अंधार उतरला. मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. तो अंधार मी अजून विसरलेले नाही. पार रात्री मनोहर जिन्यात येऊन म्हणाला, "बर्फ कोसळलं होतं. पण तिघंही सुखरूप आहेत." मी देवाचं नाव घेतलं. तिघं म्हणाला ना? बस.

काय झालं ते मैत्रीनं मला नंतर सांगितलं, स्वयंपाकघरात, दार लावून घेऊन. सकाळ म्हणे इतकी सुंदर होती की सारंग ओरडत ओरडत उतरला. पहिला उतार मऊ, कापसासारखा. दुसरी घळ अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, एकेक वळण उडी मारून घ्यायचं. चुकलं तर थांबायला जागा नाही. तिथंही सारंग सगळ्यांत छान उतरला. पुन्हा चढले. शेवटचा उतार मोठ्या परातीसारखा. तिथं एकेकट्यानंच जायचं, बाकीच्यांनी बाजूला थांबून बघायचं. यॉस्ट उतरला, मैत्री उतरली. सारंग शेवटी.

"तो निघाला आणि मांजरपाट फाडावा तसा आवाज झाला, आजी. वरपासून खालपर्यंत. सगळा उतारच निघाला. मग एकदम शांत."

दोघांनी बीपर काढले. खाली एका जागी सिग्नल आला. यॉस्टनं लांब सळई बर्फात खुपसायला सुरुवात केली. मैत्रीनं फावडं काढलं.

"सळई लागली," ती म्हणाली. "खडकाला लागली की कडक लागते. ही मऊ लागली. आम्ही उकरायला लागलो. आणि मागून आवाज आला..."

"काय?"

"'कुणाला शोधताय?'"

सारंग मागं उभा होता. अंगावर बर्फाचा कण नव्हता. यॉस्टनं रडत त्याला मिठी मारली. मैत्रीनं विचारलं, तुझा बीपर? तर म्हणाला, सॅकमध्ये टाकला होता, सॅक खाली गेली असेल. वरचं बर्फ अजून लटकत होतं, थांबण्यात अर्थ नव्हता. ते निघून आले.

"यॉस्ट फार चिडला," मैत्री म्हणाली. "बीपर कुणी सॅकमध्ये ठेवत नाही, आजी. तो छातीला बांधतात. सकाळी मीच त्याचा पट्टा तपासला होता."

मग तिनं हळूच विचारलं, "तो दगड तुम्ही दिलात ना? त्या काठावर एक लोखंडी क्रूस आहे. बर्फात गेलेल्या कुणाच्या तरी नावानं खाली दगड रचलेत. मागच्या वर्षी सारंगनं त्यातलाच एक उचलून आणला होता. मी नको म्हणाले होते."

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, रस्त्यातला उचलायचा होतास! डोंगरभर दगड पडलेत!

सारंग घरी आला तोवर माझं माळ्यावरचं कोंडणं संपलं होतं. दार हळूच लागलं. मोजे घडी करून ठेवले. मृदुलाला वाटलं, पोराला मरणाच्या भीतीनं शहाणपण आलं. जेवायला बसला, पहिल्या घासाला थांबला आणि म्हणाला, "आई, मीठ जरा कमीच घालतेस बाई तू." स्वच्छ, खणखणीत मराठी. मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजीच्या सहवासानं सुधारलं बघ."

सहवासानं! तो माझंच बोलत होता. माझा हेल, माझं 'बाई', माझं 'मेलं'. बापाला म्हणाला, "घुमेपणा सोडा जरा." मला चहा आणून दिला, आलं ठेचून घातलेला, आणि म्हणाला, "पैठणीचं मनाला लावून घेऊ नका, आजी." पैठणीचं या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि सारंगनं मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

तो वाकून कप ठेवत होता. ओल्या लोकरीचा वास आला.

मी दार लावलं. "खडा टाकलास?"

"हो. खाली ठेवून आलो."

"माझा सारंग कुठाय?"

त्यानं कप माझ्याकडं सरकवला. नळ्या टकटक करत होत्या. मग अगदी मायेनं म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, तिघांना घेऊन ये. तिघं गेले, तिघं आले. मोजून घ्या, आजी."

आता सांगा. टपालवाल्यालासुद्धा पुरा पत्ता द्यावा लागतो, हे मला कळायला नको? मी तिघं म्हणाले. कोणते तिघं ते म्हणाले नाही. मग मी त्याला हात जोडले, शिव्या दिल्या, रागावून म्हटलं, जा बाबा जिथून आलास तिथं. माझी सगळी मराठी याला येते, 'जा' तेवढं समजत नाही! नुसता ऐकत राहिला, शहाण्या मुलासारखा.

मग मीच गप्प झाले. सांगू कुणाला? मृदुला पहिल्यांदा पोराबरोबर बसून हसत होती. ते हसू मोडून तिला काय देऊ? मी सांगितलं असतं, तर बर्फ उकरायला तरी गेले असते. हे मला रोज कळतं आणि रोज मी गप्प बसते. मैत्रीला एकदा आडून विचारलं, तर म्हणाली, "माणूस मरता मरता वाचला की बदलतो, आजी." शिकलेली मुलगी. पण बोलताना माझ्याकडं बघत नव्हती.

उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर यॉस्ट एकटाच तिकडं गेला, सॅक शोधायला म्हणून. परत आला तो आमच्या दारातच थांबला. मैत्रीनं विचारलं, "सापडली?" मान हलवून नाही म्हणाला. तिला कितीतरी वेळ जवळ धरून उभा राहिला. सारंग पाणी घेऊन बाहेर आला, तसा यॉस्ट सायकलवर बसला आणि गेला. त्यानंतर तो आमच्याकडं आलेला नाही.

बाकी या घराचं भलं झालं, अगदी कहाणीतल्यासारखं. सारंगला मोठी नोकरी लागली. मनोहरची जुनी पाठदुखी गेली. पुढच्या वर्षी गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्याच्या आणि मैत्रीच्या लग्नाच्या सह्या झाल्या, घरी तिच्या माणसांनी बुद्धवंदना म्हटली, मृदुलानं पुरणपोळ्या केल्या, आणि नागपूरचे पाहुणे म्हणाले, असा जावई शोधून मिळायचा नाही.

जोडपं माझ्या पाया पडायला आलं. मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याच्या. केस गारढोण. सगळे बघत होते, मृदुला फोन धरून उभी होती, आजीनं नातवाला आशीर्वाद द्यायलाच हवा. मी म्हणाले, "औक्षवंत हो, बाळा."

तो पायांवरून उठला नाही. फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात त्यानं विचारलं, "परत? याही वेळी नाव घेतलं नाहीत, आजी?"