फाईलवाले काका जागा बघायला येतात

ही हकीकत खरी आहे. ज्यांना पटणार नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, माझ्याकडे पुरावे मागू नयेत. माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत घडली आहे आणि अजून संपलेली नाही, म्हणून लिहितोय.

यात मध्यरात्र नाही. कुत्री रडत नाहीत. भर दुपारचे तीन वाजलेले, नुकताच रंग दिलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, चौथा मजला. लिफ्ट बंद.

माझी ही ताई भाड्याच्या जागांची एजंट. पर्समध्ये कायम वीस-पंचवीस चाव्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला चावीवाली म्हणतात. लग्न केलं नाही. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी आत्या. गंमत अशी, की अख्ख्या शहराला जागा मिळवून देणारी ही बाई स्वतः भाड्याच्या घरात राहते.

आमचं शहर लहान. पाच-सहा वर्षांपूर्वी इथे 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या उन्हाने विटून जायच्या, तरी कोणी फिरकायचं नाही. मग शहराबाहेर मोठं हॉस्पिटल झालं, पाठोपाठ कॉलेज झालं, आणि मालकांच्या डोक्यात हवा गेली. गॅलरी बंद करून तिची खोली. हॉलमध्ये प्लायवूड उभं करून एकाच्या दोन खोल्या. कुटुंबापेक्षा नोकरीवाली चार पोरं बरी, कारण त्यांच्याकडून माणशी भाडं घेता येतं. दोन वर्षांत भाडी दुप्पट झाली आणि जुना भाडेकरू मालकांच्या डोळ्यांत सलायला लागला.

त्याला बाहेर काढायचं एक वाक्य होतं.

"मुलगा परत येतोय हो, आम्हालाच जागा लागणार आहे."

मुलगा कधीच यायचा नाही. यायचे नवे भाडेकरू, दीडपट भाडं देणारे. हे वाक्य निम्म्या शहराला ताईनेच शिकवलं होतं. ती माझी बहीण असली तरी मी हे लपवणार नाही. मला तिचा रागच येतो.

तिची आणखी एक पद्धत होती. जागा बघायला कधी एकट्याला बोलवायचं नाही, तीन-चार जणांना एकाच वेळी बोलवायचं. दारात दुसरं कुटुंब दिसलं की माणूस घासाघीस विसरतो. गिऱ्हाईकं कमी पडली, तर भरतीचा माणूस उभा करायचा. तो जागा बघितल्यासारखं करतो, नळ सोडून बघतो, "छान आहे" म्हणतो आणि निघून जातो.

फाईलवाले काका असेच भरतीचे झाले. फरक एवढाच, की त्यांना ते माहीत नव्हतं.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बावीस वर्षं एकाच घरात राहिलेले. ते 'मुलगा परत येतोय'चं वाक्य त्यांना मालकाने नाही, ताईने ऐकवलं होतं. वर म्हणाली होती, "काळजी करू नका काका, महिन्याभरात दुसरी जागा बघून देते."

त्यांनी विश्वास ठेवला.

एकट्या म्हाताऱ्याला जागा कोण देणार? "उद्या काही झालं तर आम्ही कुठे निस्तरत बसायचं?" असं मालक तोंडावर म्हणायचे. ताईला हे पक्कं ठाऊक होतं. तरी ती काकांना दर वेळी फोन करायची. कारण काका वेळेवर यायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची पारदर्शक प्लास्टिकची फाईल. त्यांना बघून समोरचं कुटुंब बिचकायचं आणि भाडं वाढवायचं.

भाचीच्या घरी कपाटाच्या आड खाट टाकून ते चार महिने राहत होते. चार महिन्यांत त्यांनी वीस जागा बघितल्या. वीस जिने चढले.

एकविसाव्या वेळी ते तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवरच बसले. वर सौदा झाला. दोन्ही कुटुंबं त्यांच्या बाजूने वाट काढत खाली गेली. शेवटी ताई कुलूप लावून उतरली. काका भिंतीला डोकं टेकून बसले होते, मांडीवर फाईल.

"उद्या कळवते हं काका," म्हणून ती पुढे गेली.

संध्याकाळी वॉचमनचा फोन आला. डॉक्टरांच्या मते त्यांना जाऊन तीन-चार तास झाले होते.

म्हणजे ती बोलली तेव्हा...

ताईने आठवडाभर चाव्यांना हात लावला नाही. मग लावला. मालकांचे फोन थांबत नव्हते, आणि आत्याची औषधं थांबवून चालणार नव्हतं.

पहिल्याच दुपारी तोच चौथा मजला; जिन्यात माणूस गेल्याचं कळल्यावर ठरलेलं कुटुंब मागे फिरलं होतं. फक्त एक जोडपं आलेलं. ताईने भरतीचा माणूस बोलवला नव्हता, तेवढी लाज तिला शिल्लक होती. जोडपं आतल्या खोलीतून बाहेर आलं ते कुजबुजत.

"ताई, आम्ही वाढवून देतो. पण आत्ताच हो म्हणा."

"एवढी काय घाई?"

"ते आत उभे आहेत ना, त्यांना द्यायच्या आधी."

ताई आत गेली.

खोली रिकामी होती. खिडकी बंद होती. फक्त नळ सुरू होता... कोणीतरी पाणी येतं का बघून तसाच सोडून दिल्यासारखा.

तिने नळ बंद केला. तेव्हा मागे आवाज आला.

चुर्र... चुर्र...

प्लास्टिकची फाईल बोटांनी चाळल्याचा.

ती वळली. कोणीच नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक जागेत हेच. तिला कधी काही दिसलं नाही. दिसायचं ते गिऱ्हाइकांना. त्यांना वाटायचं, असेल कोणी तिसरा. जागा बघतानाचे व्हिडिओ ती मालकांना पाठवायची. एकदा तिने मला एक दाखवला. छोट्या स्वयंपाकघरात पाच माणसं दाटीवाटीने उभी... आणि ओट्यापाशी एका माणसापुरती जागा मोकळी. कोणी तिथे सरकत नव्हतं. एक बाई तर त्या मोकळ्या जागेकडे बघून ओळखीचं हसली.

मी विचारलं, "तू हे बंद का करत नाहीस?"

ती उसळली. "तू भरणार आहेस का आमचं भाडं? मी एकटीच लुटारू आहे का इथे? मालक काय देवमाणसं आहेत?"

भाडी मात्र वाढत होती. काका जिवंतपणी जेवढे उपयोगी पडले, त्याहून आता जास्त पडत होते.

मग गेल्या महिन्यात ताईचा स्वतःचा मालक दारात उभा राहिला.

"मुलगा परत येतोय हो."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुलगा कुणाचा? तुम्हाला दोन मुली आहेत. मला शिकवताय?"

तो शांतपणे म्हणाला, "एक तारखेपर्यंत खाली करा. तुम्हाला काय कमी आहे जागांची?"

तिने ओळखीच्या सगळ्या मालकांना फोन केले. सगळे गोड बोलले. एकटी बाई, सोबत आजारी आई... उद्या कळवतो म्हणाले. कोणीही कळवलं नाही.

शेवटी एका नव्या एजंटने बोलवलं. गेल्या बुधवारी, दुपारी तीनला. चौथा मजला होता, म्हणून आत्या वाटेतच दम लागून पायऱ्यांवर बसली. "तू बघून ये," म्हणाली.

ताई वर गेली. दारात दोन कुटुंबं होती. एजंट तिच्याकडे हात करून त्यांना म्हणाला, "या मॅडमनाही पसंत आहे बरं का, लवकर काय ते ठरवा."

ताईला कळायला वेळ लागला नाही. तिला जागा द्यायला नव्हतंच बोलवलं.

मग ती जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. एजंटची आई-बहीण काढली, मालकाची काढली. त्या कुटुंबांनाही सोडलं नाही. "हा तुम्हाला लुबाडतोय, मी पण हेच करते, घरी जा," असं ओरडली. त्यांनी तिच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. आणि त्यातल्या एकाने भाडं वाढवून दिलं.

ती जिना उतरायला लागली.

खालून आत्याचा आवाज येत होता. कोणाशी तरी गप्पा चालल्या होत्या.

आणि मध्येच...

चुर्र.

ताई धावत सुटली. तिसऱ्या मजल्यावर आत्या एकटीच बसली होती. पायरीच्या अगदी कडेला सरकून, शेजारी कोणाला बसायला जागा करून दिल्यासारखी.

"किती ओरडतेस गं. इथपर्यंत ऐकू येत होतं."

"कोणाशी बोलत होतीस आई?"

"हे काय, आत्ता तर होते इथे. तेही जागा शोधत होते म्हणे. फार सज्जन माणूस. तुझ्यावर जरासुद्धा राग नाही त्यांचा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही कशाला जिने चढताय, तुम्हाला नाही देणार कोणी. आमच्या इथे एक खोली रिकामी आहे. भाडं नाही, मालक नाही, खाली करा म्हणणारं कोणी नाही."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं. का गं? तुला विचारायला हवं होतं?"

ताईने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या चाव्या परत केल्या. काकांच्या भाचीच्या पाया पडून आली. काका गेले त्या पायऱ्यांवर बसून मोठ्याने माफी मागितली, मग शिव्या दिल्या, मग परत माफी मागितली. उत्तर आलं नाही.

काल मी त्यांच्याकडे गेलो. आत्याला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन साड्या, चष्मा आणि औषधांचा डबा एका पिशवीत भरून ठेवलाय. मग तिने औषधांचा डबा बाहेर काढला. म्हणाली, याची गरज लागणार नाही.

"ते गुरुवारी तीन वाजता न्यायला येतायत," ती म्हणाली. "फोन आला होता."

मी तिचा मोबाईल तपासला. आठवड्यात एकही फोन आलेला नाही.

आज मंगळवार आहे. ताई दाराला आतून कुलूप घालून आईशेजारी बसली आहे, मला म्हणते मी कोणालाही आत घेणार नाही. आणि ते दारही तिचं नाही, एक तारखेला सोडायचं आहे.