दुसरं कडवं

डोळे तपासायच्या तक्त्यावरची तिसरी ओळ त्याने वाचली आणि तिच्या हातातली काच निसटता निसटता राहिली. हा आवाज! दुकानातल्या रेडिओवर रोज सकाळी ऐकू येणारा आवाज आज चक्क समोरच्या खुर्चीत बसून ‘प, ग, ल’ म्हणत होता.

"तुम्हीच ना ते?" नंबर तपासायची जड फ्रेम तिने त्याच्या नाकावर बसवली, जरा दाबूनच. "गायिकेचं नाव सांगता, संगीतकाराचं सांगता, आणि गीतकाराला गिळून टाकता?"

"आई गं... नाक माझं आहे हो!"

"आणि कालचं गाणं माझ्या बाबांचं होतं."

निवेदकाने फ्रेमआडून नुसत्याच पापण्या फडफडवल्या. बोलण्यावर पोट असलेला माणूस असा मुका झालेला पाहून तिला हसूच फुटलं. मग तोही हसला, आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर गीतकाराचं नाव आलं, तेही सगळ्यांत आधी. मग चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून तो आला, घट्ट झाली म्हणून आला, आणि काचा पुसून घ्यायला तर येतच राहिला.

"घरी रुमाल नाही का तुझ्या?"

"आहे की. पण तो भांडत नाही."

असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? गिऱ्हाईक नसलं की ती त्याला बाबांचं शेवटचं गाणं गुणगुणून दाखवी. ‘दार लोटून ठेव, येईन म्हणालो नाही...’ बाबांचं सगळं असं आडूनच. ते आधी चाल घेत, मग तीत शब्द बसवत. ही चाल दोन कडव्यांची होती. एक लिहून झालं आणि बाबा गेले.

"इथून पुढे?" त्याने एकदा विचारलं.

"पुढे नुसती चाल..."

त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती मुकाट्याने कपाटाच्या काचा पुसायला लागली. काचा स्वच्छच होत्या.

आईचं दुखणं वेगळंच होतं. "जगातल्या सगळ्या बायकांवर लिहिलं त्यांनी. माझ्या वाट्याला एक ओळ नाही," असं म्हणून ती रेडिओचा कान पिळून तो बंद करायची.

पुढे रेडिओवाल्यांनी गेलेल्या गीतकारांच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला. निवेदन त्याचंच. पहिल्या रांगेत आई आणि ती. गायिकेने बाबांचं शेवटचं गाणं घेतलं. पहिलं कडवं संपलं, लेकीने टाळीसाठी हात उचलले... आणि दुसरं कडवं सुरू झालं.

‘रागावलीस तू, मुक्या घराला बोल फुटले,
हसलीस, अन् मग एकटेपण माझे सुटले...’

उचललेले हात तिने खाली घेतले. इतकं सरळ बाबा जन्मात कधी बोलले नव्हते. ती उठली आणि तडक पडद्यामागे गेली.

"कुणी लिहिलं?"

तो चक्क लाजला. "मी... तुझ्यासाठी. नाव बाबांचंच ठेवलं. म्हटलं, गाणं पुरं होईल आणि तुला काय ते कळेल."

"माझ्या बाबांच्या तोंडून मला मागणी घातलीस? अरे, दुकानात साधं विचारलं असतंस, तर हो म्हणाले असते मी!"

"मग मी आत्ता बाहेर जाऊन खरं काय ते सांगतो—"

तेवढ्यात आई आली. डोळ्यांना पदर लावलेला. "लग्नानंतर वर्षभर नुसती भांडत होते गं मी. त्यांनी मनात ठेवलं होतं बघ सगळं!" तिने निवेदकाच्या गालावरून हात फिरवला. "तुझ्यामुळे ऐकायला मिळालं रे, बाळा."

त्याने तोंड उघडलं. लेकीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "आईंना मी जन्मात कळू देणार नाही. पण... आपलं?"

"जावई होऊन येशील, आई तुझ्यासमोर ते कडवं गाईल आणि तू मान डोलावशील. मला नाही बघवायचं."

"एका कडव्यापायी?"

"बाकीची गाणी सगळ्यांची झाली, त्यांचे हे शेवटचे शब्द तेवढेच उरले होते रे माझ्याकडे. त्यात तू स्वतःचे मिसळलेस... आणि मला विचारलंही नाहीस." ती दोन पायऱ्या उतरली. "पुन्हा दुकानात येऊ नकोस."

तो आला नाही. रोज संध्याकाळपर्यंत ती दाराकडे बघायची आणि स्वतःवरच चडफडायची.

आई मात्र आता स्वयंपाक करताना गायला लागली होती. "तो रेडिओवाला मुलगा गुणाचा आहे हो," एकदा भाजी चिरता चिरता ती म्हणाली. "तुझ्या मनात असेल तर सांग, मी बोलते त्याच्याशी."

"माझ्या मनात तसलं काही नाही, आई."

"बरं बाई." आई पुन्हा गाऊ लागली आणि मध्येच अडली. "हसलीस, अन् मग... पुढे काय गं?"

"एकटेपण," ती म्हणाली.