काही मागायचंय, मेजर?

"लाईन इथं आहे," मी म्हणाले.

हातात पोह्यांची पुडी घेऊन जिना चढून आलेला तो माणूस सरळ कुलपाकडं निघाला होता. थबकला. माझ्या पुढं बघितलं, मागं बघितलं. लाईनीत मी एकटीच!

"व्हय का? सॉरी मॅडम," म्हणाला, आणि मुकाट्यानं माझ्या मागं उभा राहिला.

चिकलठाण्याचं ते ऑफिस दहाला उघडायचं होतं आणि मी पावणेदहापासून हजर. फौजेत वेळेवर पोचणं म्हणजे उशीरच. पंधरा मिनिटं आम्ही एकामागं एक उभे. मागून गरम पोह्यांचा, लिंबाचा वास... माझ्या पोटात कावळे ओरडत होते. बरोब्बर दहाला मागून हळूच आवाज आला, "मॅडम, आता पुढं येऊ का? किल्ली माझ्याकडंच हाय."

अशी फजिती दहा वर्षांत झाली नव्हती माझी!

त्याचं नाव संघपाल. फौजेतून बाहेर पडलेल्या बायकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका संस्थेचा इथला सगळा कारभार तो एकटाच बघायचा. आणि मी मेजर रूपा, बिडकीनच्या मुक्ताबाईची लेक, दहा वर्षं फौजेला रसद पोचवून चौतिसाव्या वर्षी घरी परतलेली. त्यानं अर्धे पोहे माझ्यापुढं सरकवले आणि माझा बायोडाटा उघडला.

"लेहला नेमकं काय करायचात?"

"बर्फानं रस्ते बंद व्हायच्या आधी सहा महिन्यांचं रेशन आणि रॉकेल वर चढवायचं."

"किती माणसांचं?"

"चार हजार."

त्याचा चमचा हातातच राहिला. "अन् हितं एकच ओळ लिवली? कमाल करता राव!"

त्याचे डोळे हसताना बारीक होतात, हे मला त्या दिवशीच दिसलं. दिसलं म्हणजे... दिसलं, बस्स.

पहिली मुलाखत शेंद्र्याच्या एका कारखान्यात झाली. परत येऊन मी अभिमानानं सांगितलं, "नोकरी मिळाली. सिक्युरिटी सुपरवायझर, गेटवर."

संघपाल ताडकन उठला. "गेटवर? चार हजार माणसं जगवणारी बाई गेटवर? अन् तुम्ही काय म्हणालात?"

"येस सर."

"काही मागायचंय का, असं विचारलं असंल की त्यांनी!"

"विचारलं. मी नाही म्हणाले. फौजेत मागत नसतात. देतील ते घ्यायचं, पाठवतील तिथं जायचं."

"ही फौज नाय, मेजर! इथं मागितल्याबिगर चहा बी मिळत नाय. लावा फोन. नाही म्हणून सांगा."

मी फोन लावला. बर्फातनं ट्रक काढताना कधी घाम फुटला नव्हता तो तेव्हा फुटला. फोन ठेवला तर समोर चहा तयार. "हा मात्र न मागता," तो म्हणाला. खरं सांगते, मी तिथंच गेले कामातून.

मग सहा आठवडे सराव. रोज दुपारी तो नाकाच्या टोकावर चष्मा ओढून कंपनीचा मालक व्हायचा, शंभर प्रश्न विचारायचा आणि शेवटी म्हणायचा, "काही मागायचंय, मेजर?" सुरुवातीला मी "नाही, सर" एवढंच म्हणायचे. त्याच्या शर्टाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत असायचं. मला मागायचं असायचं ते तेवढंच, दोन मिनिटं शिवायला. पण मागितले मात्र पगार, घर, गाडी.

"गाडी दिली. ड्रायव्हर पायजे?"

"कसा आहे त्यावर आहे."

"सकाळी पोहे आणतो. गप लाईनीत उभा राहतो."

"मग... विचार करते," मी म्हणाले, आणि दोघंही उगाच कागद चाळत बसलो.

विशाखापट्टणमच्या कंपनीनं मुलाखत संगणकावरच घेतली, संघपालच्या ऑफिसातल्या आतल्या खोलीत. मी मागितलं. बंदरावरच्या सगळ्या गोदामांची जबाबदारी, राहायला घर, आणि दर तीन महिन्यांनी आठवड्याची सुट्टी. सगळं मिळालं! धावत बाहेर आले.

"सुट्टी बी?" त्यानं विचारलं.

"आईसाठी मागितली."

"लई भारी केलंत. अभिनंदन, मेजर." हसला, पण डोळे काही बारीक झाले नाहीत. "कधी निघायचं?"

"एक तारखेला."

एकदा थांबा म्हणाला असता तर मी थांबले असते. म्हणाला नाही म्हणून राग आला, आणि म्हणाला नाही म्हणूनच तो जास्त आवडला. घरी आईनं विचारलं, "त्यो पोरगा काय म्हनला?"

"अभिनंदन म्हणाला."

"अन् तू?"

"मी काय म्हणणार?"

"दोघं बी येडेच हायती," आई म्हणाली आणि माझी बॅग भरायला बसली.

एक तारखेला सकाळी विमानतळाच्या दारात मी लाईनीत उभी होते. मागून लिंबाचा वास आला.

"लाईन इथंच हाय ना?"

मागं वळले. संघपाल. हातात पुडी, बटण अजून लोंबतंय.

"तिकीट कुठंय तुमचं?"

"नाय. आत नाय जायचं मला... नुसतं मागं उभं राहायचं होतं."

लाईन सरकत होती. आमच्या पुढं दोनच माणसं उरली. तो खाली बघत म्हणाला, "काही... मागायचंय, मेजर?"

"हो. तुम्ही पाहिजेत."

पुढचे काका वळून बघायला लागले. बघू देत! "नोकरी सोडणार नाही मी. ती माझी मी मागून मिळवलीय. पण तुम्हीही पाहिजेत. आणि ती सुट्टी आईसाठी नव्हती, खोटं बोलले."

जगाला मागायला शिकवणारा माणूस शर्टाचं लोंबतं बटण पिळत उभा.

"आता तुमची पाळी. तुम्हाला काही मागायचंय?"

"पहिल्या सुट्टीत... बिडकीनला येऊ का? मुक्ताबाईंना भेटायला?" त्याचे डोळे भरले होते. "दहाला येतो."

"दहाला नाही. पावणेदहाला."

हसला. डोळे बारीक झाले, आणि त्यात साठलेलं पाणी गालावर आलं. त्यानं पुडी माझ्या हातात ठेवली. बोटं जरा जास्तच वेळ राहिली. "मॅडम, आगे चलिए," दारातला जवान म्हणाला.

आत जाऊन काचेतनं पाहिलं. माणसं त्याला वळसा घालून पुढं जात होती आणि तो आपला लाईनीतच उभा होता. हातातली पुडी अजून गरम होती. चार हजार माणसांची सहा-सहा महिन्यांची रसद मी पुरवलीय. पण पोह्यांची एक पुडी तीन महिने कशी पुरवायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.