उणे दहाचं लेबल

दुपारी तीनच्या सुमारास एक निवृत्त पोस्टमन दुकानात आले, रुमालानं मान पुसत म्हणाले, "एक स्लीपिंग बॅग हवीय. डोंगरावर चार रात्री झोपायचंय. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलो, आता जरा आभाळाखाली आडवं व्हावं म्हटलं."

मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या ताईला हसू आलं. दुकान गिर्यारोहणाचं सामान भाड्यानं देणारं. फाटके तंबू, तुटके पट्टे, बिघडलेल्या चेनी, सगळं दुरुस्त करायची ती ताई. बोलणं कमी, हात झपाझप. मालकही तिला ताईच म्हणायचा.

"वर पाऊस लागेल की थंडी?" मालकानं विचारलं.

"दोन्ही लागतील म्हणतात."

"मग हीच न्या." मालकानं फळीवरून निळी बॅग ओढली. "आत पिसं भरलीत. लेबल बघा, उणे दहा डिग्री. बर्फात झोपलात तरी घाम फुटेल."

ताईचं मशीन थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली.

पिसांची बॅग कोरड्या थंडीला चांगली. पावसात भिजली की पिसांचे गोळे होतात आणि उरते ती नुसती पिशवी; ओल्या हवेला फायबरचीच लागते. हे मालकाला माहीत नव्हतं थोडंच! आणि ही बॅग उणे दहाची तर सोडाच, शून्याचीसुद्धा नव्हती. ते लेबल ताईनं स्वतः शिवलं होतं. चाळीस बॅगांना, मालकाच्या सांगण्यावरून. "लोकांना आकडा लागतो, ताई. आकडा वाचला की निम्मी थंडी पळते," तो म्हणाला होता. आणि ती मान खाली घालून मशीन चालवत राहिली होती.

हिवाळ्यात हीच निळी बॅग एका फोटोग्राफरनं नेली. उंचापुरा, हात फावड्यासारखे. पाचव्या दिवशी त्याला याच बॅगेत घालून खाली आणलं. रात्रभर अवकाळी पावसात भिजून गारठला होता. चेन आतून ओरबाडून उचकटलेली. "धुऊन टाक आणि नवी चेन लाव," मालक म्हणाला, तेव्हा तिनं बॅग त्याच्या पायाशी टाकली होती. "जाळा ती," एवढंच बोलली होती. जाळली असेल, असं ती धरून चालली होती.

आता त्याच बॅगेला नवी चेन लागलेली होती. दुसऱ्या कुणाकडून तरी.

"काका, ती घेऊ नका," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "या बॅगेत माणूस मेलाय. लेबल खोटं आहे. मीच शिवलंय."

बॅगेकडे गेलेला पोस्टमनचा हात जागच्या जागी थबकला. मालक लालबुंद झाला. "ज्या फांदीवर बसलीस तीच तोडतेस? सकाळीच शाळेची सहल अठरा बॅगा घेऊन गेली. मास्तर काही बोलले नाहीत, आणि तू मोठी शहाणी!"

"मुलांना दिल्यात?" ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लेकरांना दिल्यात या बॅगा? माणूस आहात की कोण?"

"काय होतं बॅगेला? आँ? मीच झोपून दाखवतो!"

त्यानं खरोखरच बॅग फरशीवर पसरली, बुटांसकट आत शिरला आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. "बघा काका! मेलो का?" तो हसला. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. पंखा गरम हवा ढवळत होता.

मग त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

"ताई... चेन सोड."

"मी हात लावलेला नाही."

चेन वर चालली होती. अगदी सावकाश, एकेक दात धरत. कर्र... कर्र... त्याच्या ओठांवरून, नाकावरून, आणि बॅगेच्याच टोपीच्या घडीत दिसेनाशी झाली. दुकानात ओल्या दगडाचा वास पसरला. पोस्टमन "अहो... अहो..." म्हणाले आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

बॅग फुगायला लागली. एका माणसाला जेमतेम पुरणारी ती बॅग आता दोन माणसं कोंबल्यासारखी ताणली होती. आतून मालकाचा आवाज आला, दबका, विनवणारा.

"सरक ना... जागा नाही रे... सरक..."

कात्री ताईच्या हातात होती. तरी ती हलली नाही. पुढं कितीदा तरी तिनं हे स्वतःशी कबूल केलं, की चार-पाच श्वास ती मुद्दाम थांबली. कळू दे त्याला. रात्रभर कळलं होतं दुसऱ्याला, याला निदान एवढं तरी कळू दे. मग पोस्टमननी तिचा दंड धरला, "बाई, कापा!" आणि तिनं पायापासून वरपर्यंत कापड टराटरा फाडलं. भिजलेल्या पिसांचे गोळे फरशीवर सांडले, बर्फासारखे गार. मालक निळा पडला होता, पण श्वास चालू होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी ताईला पडद्याआड बोलावलं. "हा गारठा लागलाय यांना. या उन्हाळ्यात! आणि हे काय आहे?"

मालकाच्या पाठीवर बोटांचे काळेनिळे वळ होते. घट्ट कवटाळल्यासारखे. ताईला फोटोग्राफरचे फावड्यासारखे हात आठवले. तिनं नकळत आपला पंजा त्या वळांजवळ धरला.

वळ तिच्या पंजाच्या निम्मेसुद्धा नव्हते.

"लहान मूल होतं का कुणी जवळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताई बाहेर धावली. दुकानात फोन करून तिनं, दुकान सांभाळायला मागं थांबलेल्या पोस्टमनकडून वहीतला मास्तरांचा नंबर घेतला. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन लागला. वाऱ्याचा आवाज, मुलांचा कलकलाट.

"मास्तर, बॅगा उघडू नका! एकही उघडू नका. त्या खोट्या आहेत. मुलांना घेऊन आत्ताच्या आत्ता खाली उतरा!"

"अहो, उघडल्यातच कुठं अजून? सगळ्या गाडीत आहेत," मास्तर म्हणाले. "आता उतरणारच आहोत आम्ही. एका मुलीला बरं नाही. ताप नाही, खोकला नाही... तीन-साडेतीनपासून हात तेवढे गार पडलेत तिचे. मघापासून उन्हात बसवलंय, तरी..."

 मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मुठी सोडत नाहीये. बोटांच्या फटीतून ओली पिसं दिसतायत."