दोन टन जास्तीचं इंधन

चूक त्याची नव्हतीच, तरी पहिल्याच फोनवर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"तुमच्या अंदाजात पाऊस, आणि आमचा कॅप्टन म्हणतो लख्ख ऊन पडलंय!"

"मॅडम, तुम्ही कालचा अंदाज वाचताय," पलीकडून शांत आवाज आला. "पण रागवायचं असेल तर चालू द्या... इथे डोंगरात कुणी बोलायलाच नसतं."

ती ओशाळली — आणि खुदकन हसली. झालं, तिथेच सूत जुळलं!

ती विमान कंपनीत डिस्पॅचर. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती इंधन नेईल, आणि उतरता आलं नाही तर कुठल्या पर्यायी विमानतळाकडे वळेल, हे जमिनीवर बसून ठरवायचं. तो डोंगरातल्या विमानतळावरचा हवामानवाला. आठ महिने रोज सकाळी फोन. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पाहिलं मात्र नव्हतं एकमेकांना.

"आवाजाशीच लग्न लावणार का गं?" तिचे वरिष्ठ चिडवायचे. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं.

मग त्याची बदली झाली, लांबच्या बेटावर, वर्षभरासाठी. बोट तिच्याच शहरातून सुटायची, महिन्यातून एकदा, दुपारी दोनला. तो सकाळी नऊच्या विमानाने येणार होता. पाच तास! त्या पाच तासांसाठी तिने तीन ओढण्या बदलून पाहिल्या.

आणि त्या सकाळी त्याच्याच विमानाचा आराखडा तिच्यापुढे आला. शहरावर धुक्याची शक्यता होती. पर्यायी विमानतळ म्हणून तिने नदीकाठचा लिहिला. तिथे वळावं लागलं, तरी गाडीने दोन तासांत तो शहरात. अंदाज नियमात बसत होता... जेमतेम, पण बसत होता.

तरी तिची नजर दोन आकड्यांवर अडली. नदीकाठी तापमान अकरा, दवबिंदू दहा.

त्यानेच शिकवलं होतं. "हे दोघं असे जवळजवळ सरकायला लागले ना, की समज, धुकं येतंय. लाजत लाजत येतं, आणि मग काही दिसू देत नाही."

'नियमात बसतंय ना? मग झालं तर!' मन हट्टाला पेटलं. पण विमानात एकशेचाळीस माणसं होती — आणि तोही होता.

तिने कॅप्टनला फोन लावला. "पर्याय बदलतेय. पठारावरचा घेऊ. इंधन दोन टन जास्त भरा."

"अहो, एवढ्या लांबचा? नदीकाठचा चालतोय की!"

"चालतोय. पण मला पटत नाहीये."

"बरं बाई, तुम्हाला नाही पटत तर मलाही नाही."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, तिकडे वळलं तर तो चारच्या आत पोचत नाही."

"माहितीये, मामा."

नऊला खिडकीबाहेर नुसतं पांढरं. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि ते पठाराकडे वळलं. पंधराच मिनिटांत नदीकाठचा विमानतळ धुक्याने बंद झाला. ती बरोबर ठरली होती, आणि तिला रडू आवरत नव्हतं. मामांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

साडेदहाला फोन वाजला.

"पठारावर लख्ख ऊन पडलंय," तो म्हणाला. "खिडकीत बसून जाम घाबरलो होतो बघ."

"धुक्याला?"

"छे! तुला. म्हटलं, माझ्यासाठी ही नदीकाठचा निवडते की काय... कॅप्टनने पठाराचं नाव घेतलं, आणि — एकदम ठरलंच माझं."

"काय ठरलं?"

"लग्न करशील माझ्याशी?"

तिच्या हातातला पेन टेबलाखाली घरंगळला. "अरे... तू मला पाहिलंही नाहीस!"

"चारला बघतो की. बोट तर गेलीच. पुढची महिन्याने. साहेब ओरडतील, ओरडू देत. तू बोल ना..."

तिने डोळे पुसले. समोर मामा कान टवकारून बसले होते, चहा विसरून.

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो! आता फोन ठेव. तुझं विमान परत आणायचंय मला."