जामीनदाराचा आंबा

त्या दिवशी मी निंबोळ्या वेचायला निघालो होतो, एवढंच. आमच्या दवनीवाड्याला शाळेच्या मागे मोठे कडुनिंब आहेत. आषाढात त्यांच्याखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो फुकट असतो. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला फुकट या शब्दाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

निवृत्त झाल्यावर मी घरामागच्या बाडीत लक्ष घातलं होतं. दोन पेरू, एक लिंबू, एक सीताफळ, आणि कोपऱ्यात काटेरी कुंपणाला लागून एक गावरान आंबा. फवारणीचं विषारी औषध मी घरात येऊ देत नसे, कारण पेरूचा आमच्याकडचा प्रवास झाडावरून थेट तोंडात असा होता. म्हणून निंबोळीचा अर्क, आंबट ताक, चुलीची राख आणि गोमूत्रात कुजवलेला दहा प्रकारचा पाला. त्या पाल्याच्या मडक्याचं झाकण उघडलं की शेजारच्या जमुनाबाई धडाधड खिडक्या लावून घेत. खोडात किड्याचं भोक दिसलं की सायकलची तार घालून त्याला बाहेर ओढायचा आणि भोक शेणमातीनं लिंपायचं. सडका पेरू झाडाखाली राहू द्यायचा नाही, खोल पुरायचा, नाहीतर फळमाशी पुढच्या पिढीची सोय करून ठेवते. मला हे काम आवडे. कचेरीतही कीड दिसायची, पण तिथे तार घालता येत नसे.

आंबा मात्र फळत नव्हता. मुलगा धनेंद्र शाळेत असताना मी या आंब्याची कोय लावली. धनेंद्र नागपूरला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि झाडाला अजून मोहोराची एक काडी नाही. आळं केलं, खत घातलं, बुंध्याला चुना फासला. जमुनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बाबूजी, एवढं पानी साहेबाले घातलं असतं तं बढती भेटली असती."

बाईचं म्हणणं खरं होतं.

निंबोळ्यांची पिशवी घेऊन घरी आलो तर कुंता, माझी बायको, ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या सकाळी ग्रहन आहे. त्या आंब्याले कुऱ्हाड दाखवा."

"कायले? घाबरून फळेल?"

"मानसं नाही घाबरून काम करत? माझ्या माहेरी करतात जी. एकानं कुऱ्हाड उचलाची, तोडू का म्हनाचं. दुसऱ्यानं झाडाच्या पलीकडे पाठ करून उभं राहाचं आनि जामीन राहाचं. झाड फळलं की पहिलं फळ जामीनदाराचं."

"आणि जामीनदार कोण?"

"मी राहीन. तुमाले कोन जामीन ठेवते?"

मी होकार दिला. घरात तेव्हा हसणं कमीच होतं. सून सोनिका आमच्याकडे आली होती, चौथ्या महिन्यात होती. आधीचं एक तिसऱ्यातच गेलं होतं, त्यामुळे ती शिंकली तरी कुंताचा जीव वरखाली होई. अशा घरात म्हाताऱ्यानं झाडाला धमकावलं तर तेवढीच करमणूक.

सकाळी आभाळ गच्च होतं. ग्रहण आमच्याकडे खंडग्रासच होतं, सूर्याची कड तेवढी उरणार होती, पण ढगांमुळे तीही दिसेना. उजाडलं होतं ते हळूहळू पुन्हा मावळायला लागलं. राख कालवलेल्या पाण्यासारखा उजेड. कोंबडा एकदा आरवला आणि मध्येच थांबला. धानाच्या बांधीतले बेडूक रात्रभर ओरडत होते, तेही गप्प झाले. मी कुऱ्हाड घेऊन बाडीत गेलो. कुंता मागून येणार होती. मडक्यातल्या पाल्याचा कुबट वास ओल्या हवेत जमिनीलगत पसरला होता.

झाडाच्या पलीकडे पाला चुरडल्याचा आवाज आला. आली वाटतं, म्हणून मी कुऱ्हाड उचलली आणि निकाल वाचून दाखवावा तसा म्हणालो, "हे झाड फळत नाही. तोडू का?"

 मग बुंध्याच्या अगदी जवळून, कुंताच्या आवाजात...

"नको तोडू... फळेल. मी जामीन."

लग्नानंतर प्रथमच तिनं मला अरे-तुरे केलं. ग्रहणाचा परिणाम असेल, म्हणून मी ते सोडून दिलं. कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरात आलो.

कुंता सोनिकाच्या उशाशी बसली होती. सोनिकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं, कपाळावर ओलं फडकं.

"तू माझ्याआधी कशी आलीस?" मी विचारलं.

"गेली कवा मी? हिले चक्कर आली. तवाची इथंच बसून आहो." माझ्या खांद्यावरची कुऱ्हाड पाहून तिचा चेहरा बदलला. तिनं सोनिकाचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. मी सगळं सांगितलं. शेवटचे शब्दही सांगितले.

"मंग जामीन कोन राहिलं जी?" ती कुजबुजली.

"जमुनाबाई असतील. त्यांना चेष्टेची सवय आहे."

"ते बाई ग्रहन सुटल्याबिगर उंबऱ्याबाहेर अंगठा नाही टाकत."

उजेड परत आल्यावर मी बाडीत गेलो, आणि जे मला आधीच आठवायला हवं होतं ते तिथे गेल्यावर आठवलं. बुंध्याच्या पलीकडे उभं राहायला जागाच नव्हती. उन्हाळ्यात शेळ्या शिरू नयेत म्हणून मीच तिथे बाभळीचे काटे बुंध्यापर्यंत दाबून भरले होते. मांजर शिरलं असतं तरी रक्तबंबाळ झालं असतं.

मार्गशीर्षात सोनिकाला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. नाव ओमेश्वर, हाक ओमू. आणि पौष सरता सरता आंबा मोहोरला. असा तसा नाही, पान दिसेना इतका. जमुनाबाई बघायला आल्या आणि काही न बोलता गेल्या. त्यांचं न बोलणं मी प्रथमच ऐकलं.

मोहोर म्हटला की तुडतुडे आलेच. मी अर्क गाळून तयार ठेवला होता. पानं उलटून पाहिली, फांदी हलवून पाहिली. एक तुडतुडा उडाला नाही. आधी आनंद झाला. मग लक्षात आलं की मधमाशीही नाही. पेरूवर माश्या घोंघावत होत्या, लिंबावर फुलपाखरं होती, आंब्यापाशी मात्र भर दुपारी हवा मुकी होती. काळ्या मुंग्यांची रांग बुंध्यावर कोपराच्या उंचीपर्यंत चढायची आणि तिथून मागे फिरायची, सगळ्या एकाच जागेवरून. संध्याकाळी मी झाडाखाली कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. धूर सरळ वर गेला, खालच्या फांदीपाशी पोचला आणि वाकून बाजूनं निघून गेला. घाबरलेला माणूस वाट सोडतो तसा. इतका काळ मी किड्यांशी भांडलो होतो. त्या संध्याकाळी वाटलं, एखादी तरी अळी यावी आणि एक तरी पान खावं.

माशी बसल्याशिवाय फळ धरत नाही असं पुस्तकात असतं. या झाडानं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. चैत्रात फांद्या कैऱ्यांनी वाकल्या.

"पहिलं फळ ज्याचं त्याले गेलंच पाहिजे," कुंता म्हणाली. "दुसऱ्यानं खाल्लं तं खानारा त्याचा होते. माय सांगे माझी."

"द्यायचं कोणाला? नाव ना गाव."

"काट्यात ठेवून देऊ. ज्याचं असेल तो नेईल."

तसं ठरलं. पहिला आंबा पाडाला आला की मी उतरवायचा आणि काट्यात ठेवायचा. सोनिकाला सांगायचं नाही असंही ठरलं. अंगावर पाजणारी बाई, भीतीनं दूध आटायचं. धनेंद्रला सांगून उपयोग नव्हता. त्यानं मला नागपूरच्या डॉक्टरला दाखवलं असतं.

वैशाखात धनेंद्र सुट्टीवर आला. मी सकाळी दळणाला गेलो होतो. परत आलो तर ओसरीवर त्याचा आवाज.

"बाबूजी, घरच्या झाडाचा पहिला आंबा! पाडाला आला होता एकच. ओमूले चाटवला, पाहा कसा मिटक्या मारून राहिला!"

बाळाच्या हनुवटीवर पिवळा ओघळ होता. कुंता न्हाणीकडून धावत आली आणि ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायला लागली. पुसतच राहिली. बाळ रडायला लागलं तरी थांबेना. शेवटी धनेंद्रनं तिचा हात धरला. "आई, आंबाच हाय तो, जहर नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पिठाचा डबा खाली ठेवला.

संध्याकाळी धनेंद्र तिकिटासाठी गोंदियाला गेला. दिवे लागायच्या वेळेला वीज गेली, तशी ती रोजच जात असे. सोनिका बाळाला घेऊन मधल्या खोलीत होती. कुंतानं चुलीपाशी कंदील लावला आणि झाडाचा दुसरा आंबा माझ्या हातात दिला. तो दुपारपर्यंत पिकला होता.

"हाच पहिला म्हना," ती म्हणाली. "कागद बदलाची सवय आहे ना तुमाले."

"आणि नाही मानलं तर?"

 तिनं फक्त मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

मी बाडीत गेलो. पेरूखाली रातकिडे किरकिरत होते. आंब्याच्या दिशेनं जसजसा पुढे गेलो तसतसे एकेक करून मागे राहिले. पिकल्या चिकाचा गोड, जड वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा, खूप दिवस बंद असलेल्या विहिरीसारखा.

"आणलं का...?"

कुंताचाच आवाज. काट्यांतून.

"आणलं," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू येईना. "हे घे. पहिलं."

मी आंबा पुढे धरला. अंधारात काहीतरी लांब, सावकाश हुंगलं. माझ्या मनगटावरचे केस त्या बाजूला ओढले गेले.

"हे दुसरं आहे."

मी हात मागे घेतला.

"पहिलं कोणी खाल्लं?"

नोकरीत मी पुष्कळ खोटं लिहिलं, पण ते दुसऱ्याच्या सहीनं. हे स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं. घरात बाळ खुदकन हसल्याचा आवाज आला, आणि मला बळ आलं.

"मी."

"तू...?"

"मीच खाल्लं. दुसऱ्या कोणी तोंड लावलं नाही."

"आ कर."

मी हातातल्या आंब्याचा सालीसकट लचका तोडला, चावला, गिळला, आणि त्या काळोखासमोर तोंड उघडलं. डोळे मिटले होते. जिभेच्या टोकाला गारवा लागला, ओला, बारीक. जिभेवरून मागे घशापर्यंत गेला, थांबला, आणि परत फिरला.

"बरं..." आवाज म्हणाला.

रातकिडे पुन्हा ऐकू यायला लागले तेव्हा मी पेरूपाशी होतो. मनात एक समाधान होतं. काय व्हायचं ते माझं होईल. निवृत्त माणसाचं होऊन होऊन काय होणार?

कुंता चुलीपाशी तशीच उभी होती. मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात सोनिका बाळाला कडेवर घेऊन कंदिलाच्या उजेडात आली. हसत होती.

"काय बाबूजी, तुम्ही पण! अंधारात खिडकीतून एकदम विचारलं, पहिला आंबा कोणी खाल्ला, मी तर डरूनच गेली."

कुंताचा पदर खाली आला.

"मग...?" मी विचारलं.

"मग काय, सांगितलं ना मी. ओमूनं खाल्ला, आणखी कोणी? तुम्ही म्हणाले आ कर, तर पाहा ना आई, इतकुसा जीव, यानं खरंच आ केला! आणि किती हसला!"

मी खिडकीकडे फिरकलोही नव्हतो. ते मी सोनिकाला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

त्याला काही झालं नाही. ताप नाही, खोकला नाही. धनेंद्र-सोनिका नागपूरला दोघंही कामावर जातात म्हणून ओमू आमच्याकडेच वाढला. यंदा पहिलीत आहे. झाड तोडावं असं मला पुष्कळदा वाटतं, पण कुंता म्हणते, "तोडलं तं ते बसंल कोठी? सध्या ठिकान तं मालूम आहे." हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही. झाड दरवर्षी लदलदून फळतं. आम्ही खात नाही, कोणाला देत नाही, आणि गावात माझी चिक्कू म्हणून ख्याती झाली आहे.

परवा तिन्हीसांजेला मी ओसरीवर बसलो होतो. ओमू अंगणात गोट्या खेळत होता. अंधार पडायला लागला म्हणून मी हाक मारली, "ओमू, आत ये."

तो उठला, हात झटकले आणि अंगणाच्या मधोमध थांबला. एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदा घराच्या कडेनं मागे, बाडीकडे पाहिलं. मग कंटाळून म्हणाला,

"आजोबा, एका येळी एकानंच बोलवा ना. कोनाकडे येऊ मी?"