अकराव्या मजल्यावरची शटरं

डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कमलताईंना बजावून सांगितलं होतं, पाच दिवस पालथंच निजायचं; उताणं झालात की डोळा गेला म्हणून समजा. दुसरा डोळा आधीच गेलेला, त्यामुळे त्यांची मुलगी चेतना आता लेक कमी आणि पहारेकरी जास्त झाली होती. अंधेरीतलं ते अकराव्या मजल्यावरचं घर म्हणजे दुपारी तीननंतर नुसती भट्टी. आईला उजेड सोसेना, सारखी कूस बदलायला बघे. शेवटी चेतनाने खिडक्यांना मोटारवर चालणारी शटरं बसवायला घेतली. मोबाइलवरून उघडायची, मोबाइलवरूनच बंद करायची. झकास!

बसवायला जोगेश्वरीचा धम्मपाल आला होता. हात चालेल त्याच्या दुप्पट तोंड चालायचं त्याचं. तिन्ही शटरं बसली. आता प्रत्येकाला वर कुठे थांबायचं नि खाली कुठे, ते शिकवायचं होतं.

हॉलचं शटर खाली आलं, कट्ट्यापासून चार बोटांवर थांबलं आणि आपसूक वर गेलं.

"काहीतरी अडतंय, ताई. मध्ये काही आलं की सेन्सर शटरला परत वर पाठवतो."

अडायला होतं काय, कपाळ! कट्टा लख्ख पुसलेला. धम्मपालने हात फिरवून पाहिला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र शटर मुकाट्याने बंद झालं.

मग स्वयंपाकघरातलं अडलं. तिथेही चार बोटांवरच. ते सुरळीत झालं, तर आईच्या खोलीतलं.

धम्मपालची बडबड कधीच थांबली होती. "बिघाड असता तर एकाच मोटारीत असता ना," तो पुटपुटला. "हे तर खिडकी खिडकी करत आत सरकतंय."

"काय सरकतंय?"

त्याने नुसतं पुन्हा बटण दाबलं.

"झालं का गं?" आईने विचारलं. तोंड उशीत, त्यामुळे आवाज दबलेला, घोगरा. "डोळ्यात सुया टोचतायत."

चेतनाचा जीव कळवळला. "सेन्सरच बंद करून टाक रे."

"ताई, मग मध्ये काहीही असलं तरी शटर थांबणार नाही."

"अकराव्या मजल्यावर येणारे कोण? कर बंद!"

त्याने केला. शटर उतरलं. चार बोटांवर मोटार कण्हली, जड झाली, मग पुढे सरकली. खोलीत मिट्ट काळोख झाला.

धम्मपालने हत्यारं गोळा केली. पाणी देते म्हटलं, तर तेही न घेता निघून गेला.

चेतना खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हायसं वाटलं तिला, खरंच वाटलं.

"आई, बरं वाटतंय ना आता?"

"हो गं."

पलंग करकरला.

"आई, हलू नकोस हं!"

"जराशी सरकले. त्याला जागा नको का?"



आई हसली. मोकळं, स्वच्छ हसू. उशीत तोंड असलेल्या माणसाला तसं हसता येत नाही.